चपला सांभाळण्याचा तास

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या थोरल्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (धाकटा धाकटा म्हणजे घरच्या कामाला कधी हात लावत नाही म्हणून आपण ज्याला पाहुणा म्हणतो तो, त्याचा नमस्कार त्याने स्वतः घालावा. आठ अंगांपैकी माझी पाचच जमिनीला टेकली, पाठ धरली आहे. उरलेली तीन टेकली असं तू मोठ्या मनाने समज.) पत्र बघून आधी घाबरशील, कारण मी तुला याआधी लिहिलेलं शेवटचं पत्र एकोणीस वर्षांपूर्वीचं आणि त्यातला सगळा मजकूर तुझ्याकडे विसरलेल्या माझ्या छत्रीबद्दल होता. तेव्हा पहिलंच सांगून टाकतो, इकडे सगळे धडधाकट आहेत, कोणाला काही झालेलं नाही. झालंय ते मला, आणि ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही. तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते का? जेवण वेळेवर होतं ना? गुडघ्यांचं मुद्दामच विचारत नाही, त्यांच्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

फोन करून मोकळा का झालो नाही, असं तुला वाटेल. गेल्या बुधवारी तुझा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून जे एक वाक्य गेलं, त्यानंतर माझा माझ्या तोंडावर विश्वास राहिलेला नाही. लिहिताना निदान खोडता येतं. (हे पत्र लिहिताना आतापर्यंत तीन कागद फाडले आहेत. चौथ्यावर शाई सांडली, पण ती माझी चूक नव्हती, नातवाची होती; माझ्या वाट्याच्या चुका पुष्कळ आहेत, दुसऱ्याच्या कशाला घेऊ.)

आता मुळापासून सांगतो. तुला अर्धं माहीत आहे, पण अर्ध्या माहितीवरून माणूस जेवढा वाईट दिसतो त्याहून मी जास्त वाईट आहे की कमी, हे तुलाच ठरवायचं आहे, म्हणून सगळंच लिहितो.

चिरंजीवांनी जेव्हा जाहीर केलं की यंदा सगळ्यांनी मिळून त्या बेटावरच्या रिसॉर्टमध्ये पाच दिवस राहायचं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळे एकदम बोलायला लागले. त्याने फोनवर फोटो दाखवले. निळंशार पाणी, त्या पाण्यात खांबांवर उभ्या राहिलेल्या लाकडी खोल्या, आणि खोलीच्या जमिनीला मधोमध काच, म्हणजे पलंगावरून पाय खाली सोडले की खाली मासे. नात म्हणाली, मग माशांनापण आपण दिसणार. झालं, तिथपासून ही म्हणायला लागली की मी काही त्या खोलीत कपडे बदलणार नाही. पाहुण्याला फोटोतलं पाणी दिसलंच नाही, त्याला फक्त सकाळच्या नाश्त्याचं लांबलचक टेबल दिसलं आणि नाश्ता सात ते साडेदहा चालतो हे वाचून त्याचे डोळे भरून आले. ह्या सगळ्या गलक्यात मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, बाकी कोणी या न या, पण ताईला घेऊन जायचं. ताईला समुद्र दाखवायचा.

हे मी खरोखर म्हणालो होतो, ताई. साक्षीदार सात आहेत. तुला आठवतं, बाबा आपल्याला समुद्रावर नेणार होते आणि निघायच्या दिवशी आईला ताप चढला? तू सोळा वर्षांची. तू आपणहून पिशवीतले तुझे कपडे बाहेर काढलेस आणि आमच्या दोघांचे नीट घड्या घालून भरलेस. मला एवढंच म्हणालीस, पाणी खरंच खारट असतं का, ते चाखून ये आणि मला सांग. मी चाखलं. आणि परत आल्यावर सांगायला विसरलो. पन्नास वर्षं झाली. मध्ये एकदा तू आणि भाऊजी कुठल्याशा लग्नाला जाताना तुला बसच्या खिडकीतून लांबवर समुद्र दिसला होता म्हणे, पण भाऊजींनी खिडकी लावून घेतली, वाऱ्याने त्यांचा कान दुखायचा. तेव्हा माझा हेतू चांगला होता, एवढं लिहून ठेवतो. हेतू माझे नेहमीच चांगले असतात, घोडं पेंड खातं ते पुढे.

पुढे म्हणजे असं, की बेत ठरला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं शाळेचा पर्यवेक्षक म्हणून बावन्न शिक्षकांचं आणि चौतीस वर्गांचं वेळापत्रक बसवलं, तो घरात असताना नऊ माणसांचे पाच दिवस कोण दुसरा बसवणार? (खरं तर कोणीच माझ्याकडे बघितलं नव्हतं. ही म्हणाली, आता तुम्ही काही करू नका, तिकडे नुसतं जाऊन बसायचं असतं. पण मला ते बघितल्यासारखं वाटलं.) माळ्यावरून माझा जुना लाकडी फळा काढला, तो भोकाभोकांचा, ज्यात रंगीत चिठ्ठ्या खोचायच्या. तुला सांगतो, त्या फळ्याला हात लागला आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला भूक लागली.

दिवसाचे सात तास पाडले. चाळीस मिनिटांचा तास, दोन तासांनंतर छोटी सुट्टी, चार तासांनंतर मोठी. समुद्रस्नान, होडी, मासे बघणे, वाळूत चालणे, सूर्यास्त. सूर्यास्ताचं जरा अडलं, कारण तो मोठ्या सुट्टीनंतरच्या तिसऱ्या तासात बसत नव्हता. मी रिसॉर्टला फोन केला. तिथे आरक्षणाला एक बाई आहेत, आवाज असा की मध पातळ वाटावा. मी विचारलं, सूर्यास्त नक्की किती वाजता सुरू होतो आणि संपतो किती वाजता. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, तो पंधरा मिनिटं अलीकडे घेता येईल का. त्या अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या की सूर्यास्त त्यांच्या अखत्यारीत येत नाही, पण रात्रीचं जेवण पुढे ढकलता येईल. अशी माणसं शाळेच्या ऑफिसात मिळाली असती तर माझे केस राहिले असते.

वेळापत्रकात मी सगळ्यांचा विचार केला होता. हिने छत्तीस वर्षांत एकच मागणी केली होती, की पाच दिवस मला कोणी काही विचारू नका. तिच्या ओळीत रोज दोन तास 'विश्रांती (सक्तीची)' टाकले. चिरंजीव आणि सूनबाईंना बुधवारी चौथा तास 'एकांत' दिला. चाळीस मिनिटं. यावरून सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली की बाबा, निदान घंटा तरी वाजवू नका. पाहुण्याचं म्हणणं पडलं की सात ते साडेदहा हा त्याचा एकच अखंड तास धरावा. पाहुण्याच्या बायकोने रिसॉर्टच्या फॉर्ममध्ये 'कशाची अ‍ॅलर्जी आहे का' या प्रश्नापुढे नवऱ्याच्या नावाने 'काम' असं लिहून ठेवलं होतं, ते मला खोडावं लागलं. त्या फॉर्मचं आणखी एक. त्यात प्रत्येकाला उशी कुठल्या प्रकारची हवी ते विचारलेलं असतं, सात प्रकार असतात; आणि पायाचा नंबर विचारलेला असतो, कारण पाण्यात पोहायला जाताना ते बदकासारखे चपटे रबरी बूट देतात. मी सगळ्यांच्या मागे लागून नंबर घेतले. नातू पाय वर करून दाखवायलाच तयार नव्हता, झोपेत मोजला. तुझ्या नावापुढे मी 'लागू नाही' असं लिहिलं.

आता येतो मुद्द्यावर. अजून थोडं टाळलं असतं, पण दुसरा कागद भरला.

कुठल्याही वेळापत्रकाची एक गोम असते, ती बाहेरच्यांना कळत नाही. कागदावर सगळे तास भरले की काम झालं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सकाळी कोणाचा मुलगा आजारी असतो, कोणाला दवाखान्यात जायचं असतं, कोणाचं डोकं दुखतं, आणि मग वर्ग उघडा पडतो. म्हणून जाणता पर्यवेक्षक एक माणूस राखीव ठेवतो. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येतो, जो का म्हणून विचारत नाही, कुरकुर करत नाही, असा. आमच्याकडे चित्रकलेच्या बाई होत्या. बदली तास आला की शिपाई थेट त्यांच्याकडे वही घेऊन जायचा, मला विचारायचाही नाही. मी निरोपसमारंभात भाषण करताना सांगितलं होतं की बाई म्हणजे शाळेचा कणा. टाळ्या पडल्या होत्या.

बेटाच्या वेळापत्रकात ही जागा मी तुला दिली. ताई, मला तो मान वाटला होता. खोटं नाही सांगत. तुझी ओळ पाच दिवस, पस्तीस तास, सगळीकडे हिरव्या शाईत 'राखीव', आणि जिथे नक्की लागणार तिथे कंसात काम. एकांताच्या तासाला 'नात व नातू'. मासे बघण्याच्या तासाला 'नातवाला ओकारी आल्यास'. पाहुण्याच्या दुपारच्या झोपेच्या तासाला 'उठवणे'. आणि रोजचा दुसरा तास, समुद्रस्नान, सगळे पाण्यात, तिथे तुझ्या ओळीत मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं होतं: 'काठावर. चपला, चष्मे, टॉवेल.'

तो कागद मी तुला पोस्टाने पाठवला. (बाकीच्यांना फोनवर फोटो पाठवला, तुला मोठा कागद पाठवला कारण बारीक अक्षर तुला दिसत नाही. म्हणजे मी तुझी काळजी घेत होतो, बघ.) आणि बुधवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, तक्ता छान झालाय, तुझं अक्षर अजून तसंच आहे. मग म्हणालीस, पण मी काही येत नाही रे, गुडघे फार दुखतात.

यावर मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मलाही झालंय. पन्नास वर्षांनी जिला समुद्र दाखवायचा म्हणून हा सगळा खटाटोप, ती येत नाही म्हणाली आणि मी म्हणालो, "मग मुलांकडे कोण बघणार?"

तू म्हणालीस, "बघा कोणीतरी," आणि फोन ठेवलास. हळूच ठेवलास. आपटला असतास तर मला तेव्हाच कळलं असतं.

मला कळलं नाही. उलट मी रागावलो नाही याबद्दल माझी मलाच शाबासकी दिली आणि फळा घेऊन बसलो. तुझी ओळ काढली आणि अख्खं वेळापत्रक पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळलं. अकरा ठिकाणी भोकं पडली. एकांत गेला, सक्तीची विश्रांती गेली, पाहुण्याला उठवणार कोण हा प्रश्न आला. मी रिसॉर्टच्या त्या बाईंना फोन केला की एक माणूस कमी होतोय, तर तुमच्याकडे कोणी राखीव मिळेल का. त्यांनी फॉर्म काढला असावा. म्हणाल्या, त्या म्हणजे ज्यांच्या पायाच्या नंबरापुढे 'लागू नाही' आहे त्या का, त्या पाण्यात उतरणार नव्हत्या का. मी म्हटलं, नाही, त्या चपला सांभाळणार होत्या. त्यावर त्या मधाळ बाई म्हणाल्या, "सर, त्याच्यासाठी आमच्याकडे लॉकर आहेत."

तेव्हाही मला हसूच आलं. म्हटलं, सोय चांगली आहे. एवढा मी ठोंब्या.

तुझी समजूत काढीनच या भरवशावर सोमवारी तुझी ओळ असलेला जुनाच तक्ता मोठा करून घ्यायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. रांगेत पुढे चित्रकलेच्या बाई उभ्या. निवृत्त होऊन त्यांनाही आता सहा वर्षं झाली, हातात रंगांच्या डागांचा तोच झोळा. मला आनंद झाला. म्हटलं, आपलं काम ज्यांना कळतं अशी माणसं आता कुठे भेटतात, आणि तक्ता त्यांच्यापुढे उलगडला. त्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. विचारलं, ह्या कोण. मी सांगितलं, माझी मोठी बहीण, अत्यंत भरवशाची. बाई हसल्या. चिडून नाही, शाळेत हसायच्या तशाच. म्हणाल्या, "सर, ही माझीच ओळ आहे. सव्वीस वर्षांत मी एक कप चहा गरम असताना संपवला नाही." एवढं बोलून त्यांनी आपले कागद घेतले, मला नमस्कार केला आणि गेल्या. दुकानदार मला विचारत होता की किती पट मोठं करू. मी म्हटलं, राहू दे, आहे तेवढंच पुष्कळ मोठं दिसतंय.

घरी आलो नाही, तडक तुझ्याकडे निघालो. माफी मागायची असं काही अजून ठरलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. समजूत काढायची, एवढंच डोक्यात होतं. तुझा गुडघ्यांचा विषय काढायचा, मलम सुचवायचं, मग हळूच म्हणायचं की राखीव तास थोडे कमी करतो. तुझ्या इमारतीच्या दाराशी तुमचा तो लॉण्ड्रीवाला बसला होता. मला ओळखलं, म्हणाला, आजींकडे चाललात का, मग एवढं द्या, आणि घडी घातलेला एक मोठा निळा टॉवेल माझ्या हातात दिला. मी विचारलं, हा कसला टॉवेल, तर म्हणाला, पोहण्याचा.

मी म्हटलं, कोणाच्या.

ताई, मग तो माणूस बोलत सुटला आणि मी त्या टॉवेलाला धरून ऐकत राहिलो. तीन महिने तू रोज सकाळी साडेसहाला तलावावर जातेस. बायकांच्या त्या तुकडीत तू सगळ्यात मोठी. पहिले पंधरा दिवस कठडा सोडला नाहीस, मग सोडलास. परवा-परवा म्हणे तलाव आडवा पार केलास, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि तू येताना लॉण्ड्रीवाल्याला मुद्दाम थांबून सांगितलंस. त्याला तू सांगितलंस आणि मला नाही. त्याला तू हेही सांगितलं होतंस की आम्ही सगळे बेटावर जाणार आहोत, माझ्या भावाने ठरवलंय, तिथे सगळे पाण्यात उतरतील तेव्हा मला एकटीला काठावर बसायला लागू नये. तो मोठ्या कौतुकाने सांगत होता. मग म्हणाला, गेल्या बुधवारपासून मात्र जात नाहीत, बरं नाही का त्यांना. मी विचारलं, गुडघे दुखतात का. तो म्हणाला, छे हो, आत्ताच चार जिने उतरून लायब्ररीत गेल्या.

बुधवार. माझा तक्ता तुला बुधवारच्या टपालाने मिळाला.

मी वर गेलो नाही. कुलूपच असणार होतं, पण उघडं असतं तरी गेलो नसतो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो, एका काखेत टॉवेल, दुसऱ्या हातात तक्ता. दुसऱ्या तासाची चौकट डोळ्यांपुढून हलेना. चपला, चष्मे, टॉवेल. मी टॉवेलसुद्धा लिहिलं होतं ग. लोक ये-जा करत होते, एकाने विचारलं, काका, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, नाही. खरं तेच सांगितलं. मला त्या वेळी आईचा ताप आठवत होता, आणि तू पिशवीतून काढून ठेवलेले कपडे, आणि नंतर तुझं कॉलेज सुटलं ते, पाहुण्याच्या परीक्षांना तू डबा घेऊन बाहेर उभी राहायचीस ते. आपल्या घराचं वेळापत्रक मी बसवायच्या कितीतरी आधी बसलेलं होतं, आणि त्यात तुझी ओळ हीच होती. मी फक्त हिरव्या शाईने गिरवली. मला फार वाईट वाटतंय, ताई. याच्यापुढे वळणदार वाक्य सुचत नाही, म्हणून असंच लिहितो.

घरी येऊन फळ्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या. ही बघत होती, तिने चहा आणून दिला. मी म्हटलं, तू तुझा आधी पी, गरम आहे तोवर. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जे तुम्हाला जिन्यात कळलं ते मला तक्ता बघूनच कळलं होतं, पण पाच दिवस कोणी काही विचारायचं नाही एवढ्याच लोभापायी मीही गप्प बसले. तीही तुला वेगळं लिहिणार आहे.

तेव्हा आता विनंती. तू यायला हवंस. गुडघ्यांसाठी नाही, मुलांसाठी नाही, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणूनही नाही. (थोडं त्याच्यासाठी आहे, पण ते मोजू नकोस.) पाणी खारट असतं का ते मी आज तुला सांगू शकलो असतो, पण सांगत नाही. तू चाखून बघ. आणि नाहीच यावंसं वाटलं, तर ते कारण सांग. गुडघे सांगू नकोस, मी लॉण्ड्रीवाल्याला भेटलो आहे.

घरातल्या सगळ्यांचा तुला नमस्कार. पाहुणा विचारतोय की ताई आली तर नाश्त्याला लवकर उठवेल का. त्याला मी सांगितलं आहे की घड्याळ घे.

तुझा,
थोरला धाकटा

ता. क. वेळापत्रक फाडून टाकलं. (एक प्रत हिने कपाटात कुलुपात ठेवली आहे. म्हणते, पुढेमागे तुम्ही शहाणपणा शिकवायला लागलात की दाखवायला बरी.)

ता. क. दुसरा. तुझा टॉवेल माझ्याकडेच राहिला. ओलीस ठेवलाय असं समजू नकोस, हातात आहे हे घरी आल्यावर कळलं. आमच्या घरात तो दोरीवर टाकलाय आणि नातवाला तिथे हात लावायची बंदी आहे.

ता. क. तिसरा. समुद्रस्नानाच्या तासाला माझ्या ओळीत 'देखरेख' लिहिलं होतं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मला पोहता येत नाही. हे आजवर तुला एकटीला माहीत आहे, कारण मी सात वर्षांचा असताना टाकीतून मला कॉलरला धरून तूच बाहेर काढलं होतंस आणि कोणाला सांगितलं नाहीस. हिला मी लग्न ठरताना सांगितलं होतं की मी नदी पार केली आहे. ती होडीने केली होती. तेव्हा रोजच्या दुसऱ्या तासाला काठावर बसायला माणूस मिळाला आहे. चपला, चष्मे, टॉवेल, सगळं मी बघतो. पाहुण्याचं घड्याळसुद्धा.

ता. क. चौथा, आणि मुळात ह्याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. रिसॉर्टच्या बाईंनी त्या रबरी बुटांची यादी शुक्रवारपर्यंत मागितली आहे. तुझ्यापुढचं 'लागू नाही' मी खोडलं, आणि पेन घेऊन तसाच बसलो. बाकी आठही जणांच्या पायांचे नंबर मला तोंडपाठ आहेत, झोपलेल्या नातवाचासुद्धा. हिला विचारलं, तिला माहीत नाही. पाहुण्याला विचारलं, तो म्हणाला, ताईचा नंबर? आपण कधी आणल्या ताईला चपला? ताई, सहासष्ट वर्षं झाली, तुझ्या पायाचा नंबर काय आहे ग? तेवढा कळव.